प्रमाणपत्र नूतनीकरण, संकेतस्थळाचे
संकेतस्थळाची ओळख पटविणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपण्यापूर्वी नवे प्रमाणपत्र मिळवून ते सर्व्हरवर लागू करण्याच्या क्रियेस नूतनीकरण म्हणतात. प्रमाणपत्रात संकेतस्थळाचे नाव, त्याची सार्वजनिक किल्ली व वैधतेची मुदत नमूद असून त्यावर प्रमाणन संस्थेची अंकीय स्वाक्षरी असते. मुदत उलटल्यास ब्राउझर धोक्याची सूचना देतो व व्यवहार अडतो. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्ट टीम्स ही सेवा काही तास बंद पडली, ती एका प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळेच.

लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणन संस्थेने २०१५ मध्ये ९० दिवस मुदतीची विनामूल्य प्रमाणपत्रे देण्यास प्रारंभ केला. एप्रिल २०२५ मधील निर्णयानुसार सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस ठरविण्यात आली आहे. अशा अल्प मुदतीत हाताने नूतनीकरण करणे व्यवहार्य नसल्याने ते यंत्राकडे सोपवावे लागते. त्यासाठीची ॲक्मे ही संदेशपद्धती २०१९ मध्ये प्रमाणित झाली. तीत अर्जदार आज्ञावली प्रमाणन संस्थेने दिलेला संकेत संकेतस्थळाच्या ठराविक पत्त्यावर किंवा त्याच्या नावाच्या नोंदीत ठेवते. तो तेथे आढळल्यास संकेतस्थळावरील ताबा सिद्ध होतो.

कंटेनर पद्धतीत प्रत्येक आज्ञावली आवश्यक फायलींसह स्वतंत्र कप्प्यात चालते. डॉकर (२०१३) हे याचे सुपरिचित साधन होय. सामान्यतः एका कंटेनरमध्ये एनजिनएक्स हा वेब सर्व्हर व दुसऱ्यात सर्टबॉट ही नूतनीकरणाची आज्ञावली ठेवतात. येथे दोन अडचणी संभवतात. पहिली अशी की, कंटेनर काढून टाकला म्हणजे त्यात लिहिलेल्या फायलीही नष्ट होतात. म्हणून प्रमाणपत्र व खाजगी किल्ली दोन्ही कंटेनरना जोडलेल्या कायम साठ्यात (व्हॉल्यूममध्ये) ठेवतात. तसे न केल्यास प्रत्येक वेळी नव्याने मागणी होते. लेट्स एन्क्रिप्ट मात्र त्याच नावांच्या संचासाठी ७ दिवसांत ५ पेक्षा अधिक प्रमाणपत्रे देत नाही. दुसरी अडचण अशी की, एनजिनएक्स सुरू होताना वाचलेले प्रमाणपत्र स्मृतीत ठेवतो. साठ्यात नवी फाईल आली, तरी पुनर्वाचनाची आज्ञा मिळेपर्यंत तो जुनेच प्रमाणपत्र दाखवितो.

सर्टबॉट बहुधा दिवसातून दोनदा चालवितात. तथापि ९० दिवसांच्या प्रमाणपत्राचे सु. ३० दिवस उरल्यावरच ते नूतनीकरण करते. या अवधीत बिघाड दुरुस्त करता येतो, परंतु तो वेळीच लक्षात यावा लागतो. मुदत संपत आल्याची सूचनापत्रे पाठविणे लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केले. त्यामुळे साठ्यातील फाईल न पाहता, संकेतस्थळ बाहेरून प्रत्यक्ष दाखवीत असलेल्या प्रमाणपत्राची मुदत नियमितपणे तपासणे हा या व्यवस्थेचा आवश्यक भाग ठरतो.