पायाची न भरणारी जखम

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, अरवलीच्या डोंगररांगांच्या कुशीत मानेसर हे गाव आहे. एकेकाळचे हे लहानसे खेडे आता मोठी औद्योगिक वसाहत म्हणून ओळखले जाते. मोटारगाड्या आणि त्यांचे सुटे भाग तयार करणाऱ्या तेथील कारखान्यांत पुष्कळ कामगारांना सबंध पाळी उभ्यानेच काढावी लागते. आपल्या गावातील आचारी, न्हावी, शिक्षक, वाहतूक पोलीस यांचे कामही असेच असते. अशा माणसांपैकी ज्यांच्या पायांतील शिरा दुबळ्या असतात, त्यांच्या घोट्याच्या वर, बहुधा आतल्या बाजूस, एखादी जखम होते आणि महिनोन्‌महिने भरत नाही. घरात असे कोणी असल्यास पुढील माहिती आपणांस उपयोगी पडेल.

ही जखम का भरत नाही? पायांतील अशुद्ध रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांना नीला म्हणतात. माणूस चालू लागला की पोटरीचे स्नायू या नीलांना पिळून रक्त वर ढकलतात आणि नीलांमधील लहान लहान झडपा ते खाली येऊ देत नाहीत. या झडपा निकामी झाल्या म्हणजे रक्त खाली साचते. शिरा फुगतात, संध्याकाळी पाय सुजतो, घोट्याजवळची कातडी काळवंडते व टणक होते. अशा कातडीला किरकोळ खरचटले तरी जखम होते आणि ती चिघळते. तात्पर्य, दोष वरच्या कातडीत नसून आत साचलेल्या रक्ताच्या दाबात असतो. म्हणूनच मलमामागून मलमे बदलून फारसा लाभ होत नाही.

यावरील मुख्य उपचार म्हणजे दाबपट्टी. पायाच्या बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या खालपर्यंत ती अशा रीतीने बांधतात की घोट्याशी दाब सर्वांत अधिक, म्हणजे सुमारे ४० मिलिमीटर पारा इतका, राहावा आणि वर जाताना तो कमी होत जावा. पट्टी बांधण्याचे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. सुश्रुतसंहितेत बंधनाचे चौदा प्रकार सांगितले आहेत. मात्र ही पट्टी घरच्या घरी अंदाजाने आवळू नये. प्रथम डॉक्टरांकडून घोट्याजवळील आणि दंडाजवळील रक्तदाबाचे गुणोत्तर मोजून घ्यावे. ते ०.८ पेक्षा कमी असल्यास पायाला शुद्ध रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या अरुंद झालेल्या असू शकतात, आणि अशा वेळी घट्ट पट्टीने पाय गमावण्याची पाळी येऊ शकते. मधुमेही रुग्णांत हा आकडा फसवा ठरू शकतो; त्यांनी विशेष सावध राहावे.

जखम स्वच्छ पाण्याने धुऊन तिच्यावर न चिकटणारी साधी पट्टी ठेवणे बहुधा पुरेसे होते. जंतुनाशक गोळ्या जखमेभोवती लाली, ताप किंवा वाढती वेदना असेल तरच घ्याव्यात. पेंटॉक्सिफायलिन हे औषध काही रुग्णांना दाबपट्टीच्या जोडीने देतात. जखम फार मोठी असल्यास त्वचारोपण करावे लागते.

नादुरुस्त नीला बंद करणे हा दुसरा महत्त्वाचा उपाय होय. पूर्वी त्यासाठी शस्त्रक्रिया करीत. आता लेसर किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने अथवा औषधी फेसाने, बहुधा भूल केवळ त्या जागेपुरती देऊन, हे काम होते. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर केलेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वांना दाबपट्टी होतीच. परंतु ज्यांच्या नीलांवर लगेच उपचार झाला, त्यांपैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. ज्यांचा उपचार लांबणीवर टाकला, त्यांना ८२ दिवस लागले.

कष्टकरी कुटुंबाला या दिवसांचे मोल निराळे सांगावयास नको. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत पात्र कामगारास आजारपणात वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो, परंतु तो वर्षातून ९१ दिवसच. मलमे बदलण्यात दोन महिने गेले, तर खऱ्या उपचारासाठी एकच महिना उरतो. म्हणून दोन आठवड्यांत न भरलेली पायाची जखम अवश्य डॉक्टरांना दाखवावी. योग्य उपचार होऊनही तीन महिन्यांत ती भरत नसेल, तर कर्करोग नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

जखम भरल्यावरही काळजी सुटत नाही, कारण ती उलटण्याचा संभव मोठा असतो. डॉक्टरांनी मापाने दिलेले दाबमोजे सकाळी उठताच घालावेत व रात्री काढावेत. रोज चालावे, वजन आटोक्यात ठेवावे, विश्रांतीच्या वेळी पाय छातीपेक्षा उंच ठेवावेत. कामावर उभे असताना अधूनमधून टाचा उचलाव्यात, म्हणजे पोटरीला आपले काम करता येते. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागलेच, तर घाबरून जाऊ नये. आडवे होऊन पाय उंच धरावा, स्वच्छ कापडाने जागा घट्ट दाबावी आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

ही जखम दैवाने आलेली नसते व असाध्यही नसते. घरातील माणसांनी एवढेच पाहावे की, पट्टी नेमाने बांधली जात आहे आणि तिच्यामागील कारणाकडे दुर्लक्ष होत नाही.