शब्द येतात, बोलणं अडतं

लालबाग-परळच्या गिरणी कामगाराला इंग्रजी येत नसे, पण इंग्रजी शब्द त्याच्या तोंडी भरपूर असत. जॉबर, बॉबिन, ड्यूटी, ओव्हरटाइम. ‘थ्रॉसल’ यंत्राच्या खात्याचं तर त्याने थेट ‘त्रासन खातं’ करून टाकलं. आज कमला मिल किंवा फिनिक्सच्या आवारातल्या ऑफिसांत मुलाखतीला जाणाऱ्या त्याच्या नातवंडांना आजोबांच्या कितीतरी पट शब्द येतात, तरी बोलताना ती अडखळतात. माझ्या मते अडचण शब्दसंख्येची नाही. कोणता शब्द कोणाबरोबर नांदतो, हे ठाऊक नसण्याची आहे. ‘मिस्टेक’ शाळकरी पोरालाही कळतं, पण त्याच्याआधी ‘मेक’ की ‘डू’, इथे पदवीधरही थबकतो. कारण मनात ‘चूक केली’ असतं आणि ‘करणे’ म्हणजे ‘डू’ हे घोकलेलं असतं. आपण शपथ घेतो, मार खातो, उन्हं खातो, ते कुठल्या नियमाने? या जोड्या लहानपणापासून कानावर पडल्या, एवढंच. इंग्रजीच्या जोड्याही तशाच कानावर पडाव्या लागतात.

‘रोज वीस नवे शब्द’ या शिकवणीला म्हणूनच माझा विरोध आहे. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं, की निरर्थक अक्षरांचं पाठांतर उजळणीविना पहिल्याच दिवशी बरंचसं गळून जातं. संदर्भाविना घोकलेला परका शब्द त्याहून फार वेगळा नसतो. ढाक्यात शिक्षक घडवण्याचं काम केलेल्या मायकेल वेस्ट यांची १९५३ची शब्दयादी जेमतेम २००० शब्दांची, आणि सर्वसाधारण मजकुराचा सुमारे ८० टक्के भाग तेवढ्यात भागतो. त्यातले ‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’, ‘रन’ आपल्याला येतातच. पण दुकानातला माल संपला की ‘वी हॅव रन आउट’ म्हणायचं, हे सुचत नाही. मुसळधार पावसाच्या ‘कॅट्स अँड डॉग्स’चा वाक्प्रचार मात्र हटकून पाठ असतो, जो हल्ली इंग्रजही क्वचितच वापरतात.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्याचं काय, असं कोणी विचारेल. ते खरंच आहे, आणि पाठमालेचं बळ सुट्या शब्दांत नव्हतं, पूर्ण वाक्यांत होतं. पण अर्ज लिहिताना मनात भाषांतर करायला वेळ मिळतो, समोरासमोर बोलताना नाही. व्याकरणाचंही तेच: ते हवंच, पण सवयीला आधार म्हणून. आणि राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, हेही उत्तर अपुरं आहे. वर्षं वाढली तरी वर्गात बोलायची पाळी फार थोड्यांवर येते.

गिरणगावातल्या कामगारांसाठी ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा चालवल्या. आज मंडळांच्या अभ्यासिका आहेत, पण तिथे गप्प बसून वाचायचं असतं. मंडळांनी आठवड्यातून एक संध्याकाळ बोलण्यासाठी मोकळी ठेवावी. फोनवर निरोप घेणं, रजा मागणं, बिलाची तक्रार करणं, असा एकच प्रसंग घ्यावा, त्यातली आठ-दहा वाक्यं सर्वांनी मोठ्याने बोलावीत आणि पुढच्या आठवड्यात तीच पुन्हा बोलावीत.