डायोड किती आणि फट केवढी?

ज्या अहवालावरून औषधाचा एखादा साठा बाजारातून परत बोलाविला जातो, तो अहवाल पुष्कळदा 'फोटोडायोड अॅरे' या प्रकाशशोधकाच्या आधारे तयार होतो. नमुन्यातून आलेला प्रकाश अरुंद फटीतून जाऊन ग्रेटिंगवर तरंगलांबीनुसार पसरतो व रांगेने बसविलेल्या डायोडांवर पडतो. १९० ते ८०० नॅनोमीटरचा पट्टा १०२४ डायोडांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे ०.६ नॅनोमीटर येतो. हे अंकीय विभेदन होय. माहितीपत्रकात हाच आकडा ठळक छापलेला असतो व खरेदीदार बहुधा त्यालाच भुलतो.

प्रकाशीय विभेदन मात्र मुख्यतः फटीच्या रुंदीवर ठरते. पावसात शाई पसरलेला जमिनीचा उतारा कितीही बारीक चौकटींच्या कागदावर उतरविला, तरी खातेदाराचे नाव वाचता येत नाही. तसेच हे आहे.

हेक्झेनमध्ये ०.०२ टक्के टोल्यूईन घालून याची परीक्षा करतात. २६९ नॅनोमीटरला शोषणाचे शिखर व २६६ ला दरी दिसते. पट्टारुंदी १ नॅनोमीटर असता दोहोंचे गुणोत्तर २ च्या आसपास भरते. ३ नॅनोमीटरला ते जवळजवळ १ होते, म्हणजे दरी बुजते. डायोड दुप्पट केल्याने ती पुन्हा उघडत नाही.

मग फट अरुंदच का ठेवू नये? कारण प्रकाश घटतो, संकेतातील खरखर वाढते व अल्प प्रमाणातील भेसळ तीत हरवते. हळदीत मिसळल्या जाणाऱ्या मेटॅनिल यलोसारख्या रंगांचे शोषणपट्टे मुळातच रुंद असल्याने तेथे फट थोडी मोठी चालते. निविदेत डायोडांच्या संख्येबरोबर पट्टारुंदीही मागावी आणि यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी टोल्यूईनची चाचणी समक्ष करवून घ्यावी.