इस्त्रीपेक्षा कमी वॅटची भट्टी

घरातली इस्त्री साधारण ७५० ते १,००० वॅटची असते. ती विसरून गेलो तर फार तर सदरा जळतो. जुन्या प्रोजेक्शन टीव्हीच्या पडद्यातून काढलेलं प्लास्टिकचं भिंग स्वच्छ उन्हात धरलं, तर त्यातून जेमतेम ५०० वॅट पलीकडे जातात आणि तेवढ्यावर तांब्याच्या तारेचं टोक वितळून त्याचा मणी होतो. ऊर्जा कमी आणि तापमान जास्त, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटंच वाटतं. घरी सौर भट्टी करून पाहावी, याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं. उष्णता वेगळी आणि तापमान वेगळं, हे शाळेत नुसतं पाठ केलेलं असतं. इथे ते समोर घडतं.

हिशेब करून बघू. निरभ्र आकाशातून जमिनीवर येणारं थेट ऊन दर चौरस मीटरला ८५० वॅटच्या आसपास धरायला हरकत नाही. पाऊण चौरस मीटर भिंगावर त्यातले ६४० वॅट पडतात. परावर्तनात आणि भिंगाच्या खाचांत जे वाया जातं ते वजा केलं, की ५०० उरतात. हे ५०० वॅट किती जागेत पडतात, यावर पुढचं सगळं ठरतं. भिंगाचा ठिपका अडीच सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर ती जागा पाच चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे एकेका चौरस सेंटिमीटरवर शंभर वॅट. अशा प्रकाशाखाली ठेवलेली काळी वस्तू, जेवढं घेतेय तेवढंच प्रारणाने बाहेर टाकू लागेपर्यंत तापत जाते. स्टेफान-बोल्ट्झमन नियमाने ही बरोबरी होते सुमारे १,७५० अंश सेल्सिअसला. प्रत्यक्षात वारा आणि खालची बैठक उष्णता ओढून नेतात, त्यामुळे इतकं मिळत नाही. पण तांबं वितळायला १,०८५ अंश पुरतात.

मग ठिपका आणखी बारीक का होत नाही? सूर्य आपल्याला बिंदूसारखा नव्हे, तर अर्ध्या अंशाच्या तबकडीसारखा दिसतो, आणि भिंग त्या तबकडीचीच प्रतिमा पाडतं. प्रतिमेचा व्यास नाभीय अंतराच्या साधारण १०७ व्या भागाइतका येतो. नाभीय अंतर एक मीटर असेल तर नऊ मिलिमीटर, दोन मीटर असेल तर जवळपास एकोणीस. टीव्हीच्या स्वस्त भिंगात खाचांचे दोष आणि रंगांचं फाकणं यामुळे ठिपका याहूनही पसरतो.

आता दोन चांगली भिंगं घ्या. एक दहा सेंटिमीटर व्यासाचं आणि वीस सेंटिमीटर नाभीय अंतराचं. दुसरं सगळ्या मापांनी दहापट, म्हणजे एक मीटर व्यासाचं आणि दोन मीटर नाभीय अंतराचं. मोठं भिंग शंभरपट ऊन गोळा करतं, पण त्याच्या ठिपक्याचं क्षेत्रफळही शंभरपट असतं. प्रखरता दोन्हीकडे तीच, उन्हाच्या सुमारे २,९०० पट. तरीही नाणं वितळेल ते मोठ्या भिंगाखालीच. छोट्या ठिपक्यातले सहा-सात वॅट नाण्याच्या अंगभर पसरतात आणि हवेत निघून जातात. मोठ्या ठिपक्यातल्या सहाशे-सातशे वॅटना वाट मिळत नाही. थोडक्यात, भिंगाच्या आकारमानाने वॅट वाढतात, तापमानाची मर्यादा वाढत नाही. ती वाढवायची तर व्यासाच्या मानाने नाभीय अंतर कमी हवं.

फ्रेंच रसायनज्ञ लाव्हाझिएच्या काळातल्या कारागिरांनी हे करून दाखवलं होतं. १७७२ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॅरिसमध्ये भिंगाखाली हिरे जाळून पाहिले होते. १७७४ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीकडे नवं भिंग आलं: सुमारे चार फूट रुंद, दोन वक्र काचांच्या मधल्या पोकळीत मद्यार्क भरलेलं. त्याच्या पुढे, नाभीच्या अलीकडे, एक लहान भिंग बसवलं होतं. या दुसऱ्या भिंगाने उन्हात वॅटभरही भर पडत नव्हती. त्याचं काम प्रतिमा लहान करण्याचं होतं. त्याच वर्षी १ ऑगस्टला इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टलीने बारा इंची भिंगाने पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर ऊन एकवटलं आणि त्यातून निघालेला वायू धरला. तो ऑक्सिजन होता.

कोळशाची भट्टी हाताशी असताना या रसायनज्ञांनी उन्हाची वाट का धरली? कोळशाचा धूर आणि वायू प्रयोगात मिसळतात. ऊन काचेच्या बंद भांड्यातूनही आत जातं आणि सोबत काहीच नेत नाही. फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतात ओदेयो इथे आजही याच शुद्ध उष्णतेसाठी सौर भट्टी चालते. डोंगर उतारावरचे ६३ सपाट आरसे ५४ मीटर उंच अंतर्गोल आरशावर ऊन फेकतात. ताकद एक मेगावॅट, तापमान ३,००० अंशांच्या वर. आरसे कितीही वाढवले, तरी सूर्याच्या पृष्ठभागाच्या तापमानापलीकडे, म्हणजे सुमारे ५,५०० अंशांच्या वर, कोणतीही सौर भट्टी जाऊ शकत नाही. प्रकाशाच्या उगमापेक्षा जास्त तापलेली वस्तू त्यालाच उष्णता परत देऊ लागेल.

आरशात रंग फाकत नाहीत, म्हणून मोठ्या भट्ट्या आरशांच्याच असतात. मुंबईत कुलाब्याला विल्यम अ‍ॅडम्स या हायकोर्टातल्या अधिकाऱ्याने १८७०च्या दशकात लहान सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडून उन्हावर वाफेचं इंजिन चालवलं, आणि १८७८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. घरच्या माणसाला मात्र भिंग सोयीचं, कारण ठिपका भिंगाच्या खाली पडतो आणि मूस नीट ठेवता येते.

एक मीटर रुंदीचं भरीव काचेचं भिंग घरात कुणी उचलणारही नाही. पण प्रकाश वळतो तो पृष्ठभागावर. मधली काच नुसतं वजन असते. ती पायऱ्यापायऱ्यांनी काढून टाकायची कल्पना अठराव्या शतकात फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँने मांडली होती, तीही उन्हाने जाळण्याच्या भिंगासाठीच. ऑगुस्तँ फ्रेनेलने ती दीपगृहासाठी प्रत्यक्षात आणली आणि १८२३ मध्ये कोर्दुआँच्या दीपगृहात असं भिंग लागलं. प्रोजेक्शन टीव्हीच्या पडद्यात त्याचीच अ‍ॅक्रिलिकची पातळ आवृत्ती असते. पडदा उकलला की दोन पत्रे सुटे होतात. एकावर उभ्या रेघा असतात, तो कामाचा नाही. दुसऱ्यावर नख फिरवलं की गोल खाचा लागतात, तो आपला. चौकटीत बसवताना खाचांची बाजू सूर्याकडे ठेवायची, उलट बसवला तर ठिपका पसरतो. पत्रा मध्ये झोळ खाऊ नये म्हणून चारी बाजूंनी ताणून घ्यायचा.

चौकट दोन दिशांनी फिरती हवी. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. भिंग हलवलं नाही तर दोन मिनिटांत ठिपका जवळपास सेंटिमीटरभर जातो. यासाठी चौकटीवर एक खिळा काटकोनात ठोकावा. त्याची सावली नाहीशी झाली, की भिंग बरोबर सूर्यासमोर आलं. मुशीची बैठक चौकटीलाच जोडलेली असावी, म्हणजे अंतर बदलत नाही; पण ती झुलती हवी, नाहीतर चौकट कलली की वितळलेला धातू सांडेल. मूस ग्राफाइटची, सोनारकामाच्या दुकानात मिळते ती. ती उष्णतारोधक विटेत कोरलेल्या खळग्यात बसवावी आणि वर ठिपक्याएवढं भोक पाडलेली दुसरी वीट झाकावी. ऊन भोकातून आत जातं, उष्णतेला मात्र बाहेर पडायला तेवढंच तोंड उरतं. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम उघड्यावर ठेवलं तर बहुतेक प्रकाश परतवतं, या अंधाऱ्या पोकळीत त्याचं काही चालत नाही.

दिवस निवडताना अंगाला बसणाऱ्या चटक्यावर जाऊ नये. भिंग फक्त थेट किरण एकवटतं. धुळीने पांढरट झालेल्या मे महिन्याच्या आकाशापेक्षा जानेवारीची निळी दुपार पुष्कळदा बरी. सावलीची कड रेखीव दिसली पाहिजे.

ठिपक्याकडे उघड्या डोळ्यांनी क्षणभरही बघायचं नाही, वेल्डरची गडद काच हवीच. हातात चामडी मोजे, जवळ कोरड्या वाळूची बादली, आणि मोठ्या माणसाशिवाय मुलांनी भिंगाला हात लावायचा नाही. ओल्या दगडावर किंवा काँक्रीटवर ठिपका पडला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन कपच्या उडतात. शिसं आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा भट्टीत घालू नये, त्यांची वाफ विषारी असते. काम संपलं की भिंगावर आधी ताडपत्री, मग बाकीची आवराआवर. उघडं ठेवलेलं भिंग दुपारी कुठेही आग लावू शकतं.

सुरुवात कथलाने करावी, ते २३२ अंशांना वितळतं. मग अ‍ॅल्युमिनियम, ६६० अंश, मग तांबं. वाळूची काच करायला यापुढे बरंच जावं लागतं. मार्कुस कायझर या जर्मन डिझायनरने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकत असताना २०११ मध्ये तेही केलं. इजिप्तच्या वाळवंटात त्याने फ्रेनेल भिंगाखाली तिथलीच वाळू थरावर थर पसरून वितळवली आणि तिचं काचेचं वाडगं बनवलं. यंत्राच्या मोटारीही सौर पॅनेलवरच चालत होत्या.