पराती, घमेली आणि वसईचा किल्ला

बोईसर-तारापूर भागातल्या आम्ही चौदा जणी. मागच्या बैठकीत कर्जाचे हप्ते झाल्यावर एकीने विषय काढला, "एकदा वसईचा किल्ला बघून येऊ." लगेच दुसरी म्हणाली, "पडक्या भिंती बघायला गटाचे पैसे घालवायचे?" तिचं खोटं नव्हतं. गटाची शिल्लक आजारपणाला, पोरांच्या फीला लागते. म्हणून ठरवलं, बचतीला हात लावायचा नाही. प्रत्येकीने आठवड्याला दहा रुपये वेगळ्या डब्यात टाकायचे. सहा महिन्यांनी डबा उघडला आणि डिसेंबरच्या एका सकाळी आम्ही बोईसरहून गाडी पकडली.

डहाणूपर्यंत लोकल 2013 साली सुरू झाली, त्यामुळे हा प्रवास आता सोपा आहे. वसई रोडला उतरायचं, पश्चिमेला बाहेर पडून बस किंवा रिक्षा करायची. किल्ला स्टेशनपासून सहा-सात किलोमीटर आहे. एक सांगून ठेवतो, स्टेशनवरच मोरी-संडास उरकून घ्या आणि पाण्याच्या बाटल्या भरून घ्या. किल्ल्यात आम्हाला सोय सापडली नाही. आमच्यातल्या दोघींचे त्यापायी फार हाल झाले. बायकांच्या सहलीत पहिला विचार हाच करायला हवा, आणि आम्ही नेमका तोच विसरलो.

आता किल्ल्याविषयी. 1534 साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांना दिली. त्याला मोगल बादशहा हुमायूनची धास्ती होती, आणि समुद्रावरचे हे फिरंगी आपल्या कामी येतील असं त्याला वाटलं. पुढची दोनशे पाच वर्षं वसई त्यांच्याकडे राहिली. तटाच्या आत त्यांनी आख्खं शहर वसवलं. वाडे, रस्ते, चर्च, मठ, सगळं. जमिनीकडून एक दरवाजा, खाडीकडून एक. आज छपरं गेली आहेत, कमानींतून वडा-पिंपळाची मुळं उतरली आहेत. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांचे दगड आहेत, त्यांवरची अक्षरं अजून दिसतात. आपण नकळत त्यांवर पाय ठेवून चालतो. आमच्यातली एक थबकली, चपला काढून हातात घेतल्या आणि कडेने गेली. मग आम्हीही तसंच केलं.

याच वसईत सोळाव्या शतकात गोन्सालो गार्सिया जन्मला. जपानमध्ये नागासाकीला 1597 साली त्याला क्रुसावर मारलं, आणि 1862 मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत.

पोर्तुगीजांच्या काळात देवळं पाडली गेली, लोकांवर धर्मासाठी जबरदस्ती झाली. हे दडवण्यात अर्थ नाही. पण त्याचा राग आजच्या शेजारणीवर काढण्यातही अर्थ नाही. वसईच्या बाजारात लाल लुगडं नेसलेली एक ख्रिस्ती आजी भाजी विकत होती. तिची बोली आमच्याकडच्या वाडवळी आजीच्या इतकी जवळची, की आमची एक पटकन म्हणाली, "अगं, ही तर आपल्याच घरातली!" आजी हसली आणि वर चार केळी जास्त दिली.

आता आपल्या तारापूरचं ऐका. बाहेर तारापूर म्हटलं की लोकांना 1969 मध्ये सुरू झालेलं अणुवीज केंद्र आठवतं. पण आपल्याकडेही पोर्तुगीजांचा किल्ला आहे. चिमाजी आप्पांच्या फौजेने उत्तर कोकणची मोहीम चालवली तेव्हा माहीम, शिरगाव, तारापूर अशी ठाणी एकामागून एक घेतली. तारापूरचा तट जानेवारी 1739 मध्ये पडला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर हे मोठे सरदार गोळी लागून गेले. बाजीराव पेशव्यांनी त्यांच्या आईला सांत्वनाचं पत्र लिहिलं. इतिहासात आईला लिहिलेलं पत्र क्वचितच वाचायला मिळतं, म्हणून हे आमच्या मनात राहिलं. ज्या वाटेने आपण रोज बाजाराला जातो तिथे एका आईचा मुलगा पडला, हे आम्हाला वसईला जाऊन आल्यावर कळलं!

तारापूरनंतर वसई. वेढा मे महिन्यापर्यंत चालला. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग लावून बुरूज उडवले, दोन्हीकडची माणसं मेली, आणि शेवटी पोर्तुगीजांनी किल्ला सोडला. बायकापोरं आणि सामानसुमान घेऊन त्यांना जाऊ दिलं गेलं. चर्चमधल्या घंटा मात्र इकडे राहिल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला तुम्ही त्या पाहिल्याही असतील. मोहिमेआधी चिमाजींनी वज्रेश्वरीला नवस केला होता असं सांगतात, आणि तिचं देऊळ पुढे बांधलं गेलं. पुढे 1802 साली याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, आणि पेशवाईचा कारभार इंग्रजांच्या मुठीत जायला लागला.

जेवायला आम्ही तटाच्या सावलीत बसलो. भाकरी, सुका बोंबील, मिरचीचा ठेचा. एकीच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने तेव्हा गंमत सांगितली. ती म्हणाली, मिरची मुळात आपली नाहीच, अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणली. त्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरी होती. बटाटा, काजू, पपई, अननस हेही तसेच आले. आणि शब्द! चावी, बादली, पगार, पाव, घमेलं, परात, हे त्यांच्याच भाषेतून आले. आम्ही सगळ्या हसलो, कारण त्या क्षणी डब्याच्या जोडीला एक परात आमच्या मध्येच होती. पहिल्या प्रश्नकर्तीने, म्हणजे पैशांवरून अडलेल्या मैत्रिणीने, परात उलटी करून बघितली आणि म्हणाली, "म्हणजे किल्ला पडला, पण त्यांचं भांडं आमच्या घरात राहिलं."

जाणार असाल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जा. पावसात दगड निसरडे होतात. मनोऱ्यांच्या जुन्या जिन्यांवर अंधार असतो, वर चढू नका, विशेषतः पोरांना घेऊन. भिंतीवर नावं कोरू नका, संरक्षित वास्तूवर असं करणं हा गुन्हा आहे. तारापूरचा किल्ला पाहायचा असेल तर आधी विचारून जा, कारण तो खासगी ताब्यात आहे.

आमचा डबा पुन्हा सुरू झाला आहे. पुढच्या वर्षी वज्रेश्वरी. त्याआधी येत्या रविवारी आम्ही तारापूरच्या तटाशी जाऊन उभ्या राहणार आहोत. चिंचणीच्या गटाला यायचं असेल तर त्यांनी बुधवारच्या बैठकीत निरोप द्यावा.