उतारवयातील स्नान

मनीमाजरा हे शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याचे जुने गाव. एकेकाळी छोट्या संस्थानाचे ठाणे असलेले हे गाव आता चंडीगड शहरात सामावले आहे. नोकरीनिमित्त या भागात राहणाऱ्या मुलांकडे कोकणातून वा देशावरून आईवडील येतात, तेव्हा सामानाबरोबर स्नानाची सवयही आणतात : कढत पाणी, अंगभर साबण, खसखसून चोळणे, आणि त्यावाचून देवपूजा नाही! पौषातल्या थंडीत पायांच्या नळ्या उलतात, पाठ खाजू लागते. अंग स्वच्छ झाले नाही असे समजून साबण अधिक लावला जातो आणि खाज आणखीच वाढते.

वास्तविक या खाजेचे मूळ मळात नसून कोरडेपणात असते. उतारवयात त्वचा पातळ होते, तिच्यातील तैलग्रंथी मंदावतात. जानेवारीत येथील पहाटेचे तपमान पुष्कळदा ५-६ अंशांपर्यंत उतरते. थंड हवेत बाष्प थोडेच मावते. तीच हवा बंद खोलीत तापविली, की ती त्वचेचा ओलावा शोषू लागते. उरलेला स्निग्धांश कढत पाणी आणि साबण धुऊन नेतात.

म्हणून स्नान सोडावयाचे नाही, त्याची रीत बदलावयाची. पाणी कोमट असावे व स्नान पाच-दहा मिनिटांत आटोपावे. साबण काखा, जांघा आणि पावले यांपुरता पुरे. अंग पंच्याने घासू नये, टिपावे. बोटांच्या बेचक्या मात्र पूर्ण कोरड्या कराव्यात. त्वचा किंचित दमट असतानाच खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी. कोकणात पातळ असणारे खोबरेल येथे थिजते. ते तळहातावर चोळले म्हणजे विरघळते. तळपायांना तेल लावून ओल्या फरशीवर चालणे मात्र धोक्याचे. गॅसचा बंब बंद न्हाणीघरात कधीही पेटवू नये. त्यातून निर्माण होणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो.

इतके करूनही खाज आठवडा-दोन आठवडे हटली नाही, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. खरूज, मूत्रपिंडाचा वा यकृताचा विकारही तिच्यामागे असू शकतो. आणि कडाक्याच्या थंडीत एखाद्या दिवशी स्नान झेपत नसेल, तर कोमट पाण्यात पिळलेल्या पंच्याने अंग पुसून खुशाल पूजेस बसावे. शुचिता त्यानेही साधते.