बोल्टाच्या डोक्यावरचे आकडे

बैलगाडीचे चाक आसावरून निसटत का नाही? आसाच्या टोकाला एक भोक असते. त्या भोकात लोखंडाची खीळ घातलेली असते. खीळ ती केवढी? बोटाएवढी. पण ती पडली, की चाक निसटते आणि भरली गाडी कलंडते.

अशा लहान वस्तू आपल्या बोलण्यातही येऊन बसल्या आहेत. काम अडले, की आपण म्हणतो, "कामाला खीळ बसली." व्यवहारात छुपी अडचण दिसली, की म्हणतो, "यात काही तरी मेख आहे." भीतीने पाय जागच्या जागी खिळतात. मात्र खिळा, बोल्ट आणि पिन यांचे काम एकच नव्हे. ते नीट समजून घेऊ.

खिळ्याला लाकूड दाबून धरते. लाकूड वाळले, हादरे बसले, की तो सैल होतो. म्हणून हादरे फार, तिथे बोल्ट लावतात. बोल्टाला आटे असतात. नट आवळला, की बोल्ट केसभर ताणला जातो. ताणलेली स्प्रिंग मागे ओढते ना? तसाच हा बोल्टही मागे ओढतो आणि मधले तुकडे घट्ट दाबून धरतो.

हादऱ्यांनी कधी कधी नटही फिरू लागतो. तो निघून पडू नये म्हणून काही ठिकाणी स्प्लिट पिन घालतात. तिला दोन पाय असतात. ती भोकातून ओवून पाय वाकवायचे. एकदा काढलेली पिन पुन्हा घालू नये. वाकवून सरळ केलेले लोखंड कमजोर होते.

आता तुम्हांला वाचता येते. तेव्हा एखाद्या चांगल्या बोल्टाचे डोके फडक्याने पुसून बघा. तिथे बारीक आकडे दिसतील. कुठे ४.६, कुठे ८.८, कुठे १०.९. ही किंमत नव्हे, मापही नव्हे. ही त्या बोल्टाची ताकद आहे.

८.८ याचा अर्थ असा. पहिला ८ म्हणजे, त्या पोलादाची एक चौरस मिलिमीटर जाडीची तार सुमारे ८० किलो वजनाला तुटेल. ४.६ च्या बोल्टाची तशीच तार सुमारे ४० किलोलाच तुटेल. टिंबानंतरचा ८ म्हणजे, तुटण्याच्या भाराच्या दहापैकी आठ भागांपर्यंत बोल्ट ताणला, तरी सोडल्यावर तो पूर्ववत होतो. त्यापुढे ताणला, तर तो लांबलेलाच राहतो. असा बोल्ट पुन्हा कामाचा नाही.

मग मोठा आकडा तेवढा चांगला का? नाही. इथेच खरी मेख आहे.

ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर तुम्ही पाहिला असेल. पुष्कळ रोटाव्हेटरांना एक बोल्ट मुद्दाम तुटण्यासाठीच लावलेला असतो. त्याला शिअर बोल्ट म्हणतात. पात्यांत मोठा धोंडा अडकला, की हा बोल्ट तुटतो. पाती थांबतात आणि आतले दाते वाचतात. काही रुपयांचा बोल्ट जातो, पण हजारो रुपयांचे यंत्र राहते.

आम्ही अनेकदा पाहतो, की हा बोल्ट तुटला म्हणजे लोक वैतागतात. "सारखा तुटतोय," म्हणून जाड, कडक बोल्ट ठोकतात. कोणी सळईचा तुकडाच घालतो. मग पुढचा धोंडा अडकला, की बोल्ट तुटत नाही. आतले दाते तुटतात. ऐन पेरणीत यंत्र दारात पडून राहते आणि वाफसा निघून जातो.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणाऱ्या पिनेचे याच्या उलट आहे. ती तुटता कामा नये. तिच्या जागी बारीक सळई घालणे म्हणजे रस्त्यावरच्या माणसांच्या जिवाशी खेळ. पिनेखाली अडकवायची कडीही विसरू नये. ती नसली, तर खड्ड्यात पिन उडून बाहेर येते आणि उसाने भरलेली ट्रॉली मोकळी सुटते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. तुटलेला बोल्ट फेकू नका. दुकानात जाताना तो बरोबर न्या. त्याची जाडी, लांबी आणि आटे जुळवा. डोक्यावरचा आकडा स्वतः वाचा. यंत्राबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत कोणता आकडा दिला आहे, तेही वाचा. नवा बोल्ट बसवण्यापूर्वी इंजिन बंद करा आणि पाती पुरती थांबू द्या. दुकानदार म्हणाला, "हा पण चालेल," तर त्याला आकडा दाखवा.